झडपांची गळती आणि गावाचे पाणी



१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मांजरा धरणाने तेव्हा तळ गाठला होता. नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरी जलाशयाचा आधार आहे. तथापि उन्हाळ्यात तेथेही पाण्याचा हिशेब काटेकोरपणे ठेवावा लागतो.

हा हिशेब पुष्कळदा झडपेपाशी चुकतो. मिनिटाला एक लिटर गळणारी झडप दिवसाकाठी १,४४० लिटर पाणी वाया घालविते. ग्रामीण नळयोजनेच्या दरडोई ५५ लिटरांच्या प्रमाणाने ते सव्वीस माणसांचे पाणी होय.

दुरुस्तीपूर्वी गळतीचे स्थान निश्चित करावे. दांड्याभोवती पाणी झिरपत असेल, तर आतील पॅकिंग झिजलेले असते. त्यावरील दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आवळल्यास दाब तिरका पडून दांडा अडकतो. तेवढ्याने न भागल्यास नळातील दाब उतरवून पॅकिंगची दोरी बदलावी. जोडावर गळती असल्यास समोरासमोरचे बोल्ट क्रमाने आवळावेत. तरीही गळती न थांबल्यास, दाब उतरवून, रबरी वायसर नवा घालावा. झडप बंद करूनही पुढे पाणी वाहत असेल, तर बैठकीत वाळू वा गंज अडकल्याचा संभव असतो. अशा वेळी झडप किंचित उघडून कचरा वाहून जाऊ द्यावा व ती सावकाश बंद करावी. पहार लावून जोर केल्यास दांडा वाकतो आणि दोरीवर भागणारे काम नव्या झडपेवर जाते.

गळती म्हणजे केवळ अपव्यय नव्हे. पुरवठा बंद झाला की नळातील दाब ओसरतो. मग ज्या फटीतून पाणी बाहेर येत होते, त्याच फटीतून खड्ड्यात साचलेले घाण पाणी आत शिरते आणि पुढच्या पाळीला घरोघरी पोहोचते. कावीळ व अतिसार यांची साथ अशा वाटेनेही येऊ शकते. जेथे पाणी दिवसाआड सुटते, तेथे हा धोका अधिक असतो.

यास्तव ग्रामपंचायतीने प्रत्येक झडपेची नोंदवही ठेवावी, खड्डे कोरडे राहतील असे पाहावे आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याजवळ दोरी, वायसर व पाने सदैव असू द्यावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून मापाच्या भांड्याने एका मिनिटाची गळती मोजून घ्यावी व तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा. ज्या मराठवाड्याने रेल्वेने आलेले पाणी पाहिले, त्याला त्या आकड्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.