माझ्या हातून



मराठीच्या अध्यापकाने विमानाच्या एका किरकोळ दुर्घटनेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कोणत्याही दुर्घटनेचे कारण अखेर शब्दांतच सांगावे लागते, आणि तेथे भाषेचा प्रश्न उभा राहतो.

विमानविद्येचा इतिहास १७ डिसेंबर १९०३ या दिवसापासून सांगण्याची प्रथा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी, त्या दिवशी ऑर्व्हिल राइट १२ सेकंद हवेत राहिला. पण त्याआधी तीन दिवस, १४ डिसेंबरला, त्याच यंत्राने एक उडी घेतली होती. तिची आठवण सहसा कोणी काढत नाही.

त्या दिवशी टेकडीच्या उतारावर ६० फुटांचा रूळ मांडला होता. पहिला मान कोणाचा, हे नाणे उडवून ठरले आणि कौल थोरल्या विल्बरला मिळाला. यंत्राचे वजन सुमारे ६०० पौंड, पंखांचा विस्तार ४० फुटांहून किंचित अधिक, इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचे. चालकाने खालच्या पंखावर पालथे पडून समोरचे आडवे सुकाणू दांड्याने वरखाली करायचे. रूळ सुटताच विल्बरने यंत्राचे नाक प्रमाणाबाहेर वर केले. यंत्र सुमारे १५ फूट चढले, त्याचा वेग मंदावला आणि ते खाली बसू लागले. डावा पंख प्रथम वाळूला टेकला, यंत्र गर्रकन फिरले, खालच्या लाकडी पट्ट्या वाळूत रुतून त्यांतील एक मोडली. सुकाणूच्या काही काठ्याही तुटल्या. साडेतीन सेकंदांत १०५ फूट अंतर झाले होते.

यामागचे शास्त्र कठीण नाही. पंखांना उचलून धरणारी शक्ती वाहत्या हवेतून मिळते. नाक थोडे वर केले की ती वाढते. पण त्याबरोबर हवेचा अडथळाही वाढतो आणि वेग घटतो. कोन फारच वाढला तर पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते, आणि नाक आकाशाकडे असतानाच यंत्र खाली येते. अशा वेळी नाक आणखी वर करावेसे वाटणे स्वाभाविक, आणि तितकेच घातक. छोटी विमाने चालविण्यास शिकणाऱ्यांना उतरताना वेग सांभाळण्याची ताकीद आजही दिली जाते, ती याचसाठी.

विल्बरने त्याच दिवशी वडिलांना व बहिणीला पत्र लिहिले. वाऱ्याचा आणि बिघडलेल्या सुरुवातीचा उल्लेख त्याने केला. सुकाणू अतिशय हळवे होते, हेही खरेच. तीन दिवसांनी ऑर्व्हिलच्या हातीही यंत्र त्यामुळे वरखाली होत राहिले. सबबींना तोटा नव्हता. तरीही खरे कारण म्हणून विल्बरने स्वतःच्या अंदाजाची चूक नोंदविली. त्यामुळे इंजिन बदला, पंख बदला, अशी धावाधाव झाली नाही. दोन दिवसांत मोडतोड दुरुस्त झाली आणि १७ तारखेला त्याच यंत्राने चार उड्डाणे केली. त्यांतील अखेरचे विल्बरचेच, ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मुलाकडून कप पडला की ते म्हणते, ‘कप फुटला.’ ‘मी कप फोडला’ असे ते म्हणणार नाही, कारण फोडण्यात हेतू येतो. मराठीने या दोहोंच्या मध्ये एक प्रामाणिक वाट राखली आहे: ‘माझ्या हातून कप फुटला.’ हेतू नव्हता, पण हात माझा होता. विल्बरच्या पत्राचे मराठी करायचे तर हीच रचना योजावी लागेल.

आपले सार्वजनिक बोलणे मात्र पहिल्याच रचनेवर स्थिरावले आहे. पूल कोसळतो, काम रखडते, सारे जणू आपोआप. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांची पटसंख्या ‘घटली’ असे आपण म्हणतो, जशी समुद्राला ओहोटी लागावी. घरात मुलांशी आपण कोणत्या भाषेत बोललो, त्यांचे नाव कोणत्या शाळेत घातले, वाचनालयाची वर्गणी कधी बंद केली, या प्रश्नांशी ते वाक्य येऊनच पोहोचत नाही. परिस्थितीचा वारा तिरकस होता, हे मान्य. पण वाऱ्याला दुरुस्त करता येत नाही. सुकाणूवरचा हात आवरता येतो.

कोणास दोषी ठरवावे, या हेतूने हे बोललो नाही. कारण नेमके सांगितले की दुरुस्ती आटोक्यात राहते, एवढेच सुचवायचे होते. ‘माझ्या हातून’ हे दोन शब्द या शाळेत शिकलेल्यांच्या बोलण्यात राहावेत, अशी इच्छा व्यक्त करतो.