पितळेचं पातेलं आणि लिव्हरचा ताळेबंद
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण हल्ली आपल्या कट्ट्यावर रक्ताचे रिपोर्ट निघतात आणि ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. वाचून जेवढं समजलं तेवढं सांगतो.

शरीर ऑक्सिजन वापरतं तेव्हा ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे उपद्रवी कण तयार होतात. त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन मुख्यतः लिव्हर बनवतं. जमेपेक्षा खर्च वाढला, की पेशींच्या आवरणातली चरबी तेलासारखी खवट होते. त्या खवटपणाची रक्तातली एक खूण म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड, थोडक्यात एमडीए. लिव्हरच्या अनेक आजारांत एमडीए वाढलेलं आणि ग्लुटाथायोन घटलेलं आढळतं.

लिव्हर कशी बिघडते याचं एक उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. पूर्वी वर्ष-दोन वर्षांची मुलं लिव्हर वाढून, पोट फुगून दगावत. कधी एकाच घरातली भावंडंसुद्धा. आजाराचं नाव ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’. केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह याचा माग काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. संशय होता पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधावर! पितळेतलं तांबं दुधात उतरतं, दुधातलं केसीन ते धरून ठेवतं आणि बाळाच्या लिव्हरमध्ये ते साठत जातं. असं साठलेलं तांबं फ्री रॅडिकल्सना खतपाणीच घालतं. गंमत म्हणजे त्यांना आवरणाऱ्या एका एन्झाइमलाही थोडं तांबं लागतंच. थोडं हवं, फार नको!

पुढे घरोघरी स्टील आलं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

आता पितळ पुन्हा हौसेनं घरात येतंय. भरे गावातल्या आपल्या घरांतही येईल. जरूर आणा, पण कल्हई करून घ्या. आणि तान्ह्या नातवंडांचं दूध मात्र स्टीलमध्येच तापवा.

शेवटचं एक. एमडीएचा आकडा मधुमेहात, धूम्रपानानेही वाढतो. त्यावरून लिव्हरचं निदान होत नाही. त्यासाठी डॉक्टर एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि सोनोग्राफी बघतात. एका नोंदीवरून ताळेबंद काढू नये, हे बँकेत शिकलो, तेच इथेही लागू.