गणिताची पीककापणी

पन्हाळा तालुक्यांतील कोडोली गांवच्या शिवारांत यंदा भात किती पिकला, हें सांगावयाचें आहे अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. सारीं वावरें कापून तोलण्यास कोणापाशीं वेळ नसतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून थोडीं वावरें निवडावयाचीं, प्रत्येकांत ठराविक मापाचा तुकडा आंखावयाचा, तेवढेंच पीक कापून, झोडून तोलावयाचें आणि त्याच्या सरासरीवरून एकंदर क्षेत्राचा हिशेब करावयाचा. उच्च गणितांत ज्या क्रियेला संकलन म्हणतात, तिचेंच हें मातींतलें रूप होय.

वावराला लांबी व रुंदी अशा दोनच दिशा असतात. परंतु पाऊस, खत, बियाणें अशा दहा राशी एकदम हिशेबांत घेतल्या कीं संकलनहि दहा दिशांचें होतें. एका दिशेंत दहा खुणा केल्या तर दोन दिशांत शंभर आणि दहा दिशांत एक हजार कोटी. सेकंदाला दहा लक्ष खुणा तपासणाऱ्या यंत्रालाहि पावणेतीन तासांवर वेळ लागेल. दिशा वीस झाल्या कीं हिशेब तीस लक्ष वर्षांच्या पुढें जातो! तेव्हां खुणांचें जाळें सोडून पुन्हा चिठ्ठ्यांकडेच वळावें लागतें.

१९४६ सालीं स्टानिस्लाव उलाम हा गणिती आजारांतून उठत असतां एकट्यानें पत्ते खेळत बसे. डाव जुळण्याचा संभव सूत्रानें काढण्यापेक्षां पुष्कळ डाव मांडून मोजावा, हें त्याच्या मनांत आलें. त्यांतूनच ‘मॉन्टे कार्लो’ पद्धति वाढीस लागली. तिच्यांत चूक निम्मी करावयाची तर नमुने चौपट घ्यावे लागतात; मात्र दिशा कितीहि असोत, हा नियम पालटत नाहीं.

ऑकलंडच्या दोन अध्यापकांनीं १९९० नंतरच्या दशकांत रचलेली ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आज फुकट मिळते. तिची अंगची आज्ञा एकाच राशीचें संकलन करते. अधिक राशींसाठीं ‘क्युबेचर’ नांवाची जोड घ्यावी लागते. जेथें फल झपाट्यानें बदलतें तेथें ती बांध घालून क्षेत्राचे आणखी तुकडे पाडते. दिशा थोड्या असतांना हें उत्तम. पुढें चिठ्ठ्याच बऱ्या. पण तेथेंहि सावध असावें. दहा दिशांच्या घनांत नेमका बसणारा गोल घनाचा शेंकडा पावच भाग व्यापतो. हजार चिठ्ठ्यांतल्या दोन-तीनच आंत पडावयाच्या.

दुसरा धोका मोजणाऱ्याच्या हाताचा. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ पत्रांत दाखवून दिलें कीं, फार लहान तुकडे कापले तर उत्पन्न असतें त्याहून जास्त दिसतें. काठावरचें रोप आंत ओढण्याकडे हात वळतो, आणि तुकडा जितका लहान, तितका काठाचा हिस्सा मोठा. ही चूक नमुने चौपट करूनहि जात नाहीं; तिला यंत्रहि ओळखीत नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत अशाच कापणीच्या आंकड्यांवर भरपाई ठरूं लागली. उत्पन्नाचा आंकडा फुगला कीं भरपाई घटते; आणि काठावरचें तें एक रोप चौकटींत धरलें कीं बाहेर, हें पाहण्यास बांधावर बहुधा दोन-चारच माणसें उभीं असतात.