खेळातला असुर कोण?

सुट्टीत मुलं मोबाइलवर राक्षस मारत बसतात. तो राक्षस कुणावरून बेतला, हा प्रश्न आता जगभर विचारला जातोय. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या कल्पनाविश्वात ऑर्क ही जमात जन्मजात दुष्ट असे. यात वर्णद्वेषी समजुती डोकावतात, अशी टीका झाली. २०२० मध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं हे चित्रण बदलायचं जाहीर केलं. २०२४च्या नियमपुस्तकात तर 'वंश' हा शब्दही गेला.

२०२० मध्येच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ आला. सर्कशीतली राजी, असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला शोधते. असुरांचा म्होरक्या महाबलासुर.

महाराष्ट्रानं मात्र असुरांची बाजूही मांडलीय. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी' या पुस्तकात असुरांच्या बळीला न्यायी राजा आणि त्याला हरवणाऱ्या वामनाला आक्रमक ठरवलं. इतिहास म्हणून त्यावर वाद आहेत. पण बळीचं राज्य येवो, असं म्हणत आजही दिवाळीच्या पाडव्याला ओवाळलं जातं.

आपल्या नाशिकच्या पंचवटीत शूर्पणखा या राक्षसीची कथा सांगतात. तिथल्याच काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा, म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पुराणकथा आणि माणसाचे हक्क इथं एकाच दारात भेटले.

तेव्हा खेळावर बंदी नको. मुलांना एवढंच विचारा: हा असुर वाईट का? त्यानं काही वाईट केलं म्हणून, की तो असुर म्हणून जन्मला म्हणून?