सामोआची मुले आणि अमेरिकेचे मैदान

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



बाप्पाच्या मंडपात हे सामोआ कुठून आले, असे काहींना वाटेल. पण पोटासाठी घर सोडणाऱ्यांची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपले पूर्वज होळकरांच्या चाकरीला इंदुरात आले आणि आम्ही आजही सरकारी कचेरीतच बसतो. एका दाराने आत आलेला समाज त्याच दाराशी कसा उभा राहतो, हे सामोआच्या लोकांकडे पाहून कळते.

प्रशांत महासागरातील या बेटांचे दोन भाग आहेत. पश्चिमेचे सामोआ 1962 साली स्वतंत्र झाले. तिथे रग्बी चालते आणि पुष्कळ लोक न्यूझीलंडला जातात. पूर्वेचे सामोआ 1900 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. 2020 च्या जनगणनेत तिथली वस्ती 50 हजारांच्या आत भरली, म्हणजे आपल्या शहराच्या दोन वॉर्डांएवढी.

बेटावर कामधंदा थोडा. अमेरिकन नौदलाचा तळ 1951 मध्ये बंद झाला, तेव्हा अनेक कुटुंबे हवाई आणि कॅलिफोर्नियाला गेली. मागे राहिल्या सरकारी नोकऱ्या, आणि पुढे ट्यूना मासा डबाबंद करणारे कारखाने आले. 2009 च्या सप्टेंबरात त्सुनामी आली आणि त्याच आठवड्यात दोन मोठ्या कारखान्यांपैकी एक बंद पडला. दोन हजारांवर लोकांचे काम गेले.

मग तरुणाने जावे कुठे? एक वाट फौजेची, दुसरी अमेरिकन फुटबॉलची. हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड गाद्या आणि दर डावाला समोरासमोर टक्कर. खेळ चांगला असला तर विद्यापीठ शिष्यवृत्ती देते. फी, राहणे, जेवण सुटते. त्यातले मोजके पुढे एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत पोहोचतात. 1945 मध्ये वॉशिंग्टनच्या संघातून खेळलेले अल लोलोताई हे तिथले पहिले सामोअन. ट्रॉय पोलामालू तर 2020 साली त्या खेळाच्या मानाच्या दालनात निवडले गेले.

लोक म्हणतात, त्यांची शरीरयष्टीच तशी. आम्हाला हे अर्धेच पटते. तिथे एकत्र कुटुंबाचा कर्ता असतो, त्याला ‘मताई’ म्हणतात. लहानांनी मोठ्यांची सेवा करायची, सांगितलेले ऐकायचे. अधिकाराची वाट सेवेतून जाते, अशी त्यांची म्हणच आहे. असा मुलगा शिस्तीत वाढतो आणि संघासाठी अंग झोकून देतो. कमावू लागला की लग्नकार्य, मयत, चर्च यांसाठी घरी पैसा धाडतो.

पण या दाराची किंमतही आहे. ज्युनियर सेआऊ यांचे आई-वडील अमेरिकन सामोआहून कॅलिफोर्नियात आलेले. हा खेळाडू वीस हंगाम एनएफएल खेळला, नाव-पैसा मिळवला. 2012 साली, 43 व्या वर्षी त्याने स्वतःचा जीव घेतला. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवार आघातांमुळे होणारा रोग आढळला. आणि जे निवडलेच गेले नाहीत, गुडघा मोडून परत आले, त्यांची छायाचित्रे कुठल्याच दालनात लागत नाहीत.

म्हणून त्या मुलांना दोष देऊ नये आणि नुसत्या टाळ्याही वाजवू नयेत. दुसरे दार उघडे असते, तर त्यातल्या कितींनी डोके आपटून घ्यायची वाट धरली असती?

आमच्या पिढीला घरात एकच सांगितले गेले: सरकारी नोकरी बघ. आम्ही डिप्लोमा केला, परीक्षा दिली, चिकटलो. तक्रार नाही, त्याच पगारावर घर उभे राहिले. पण आज जागा थोड्या आणि अर्जांचा ढीग. मुलगा तिशीला येईपर्यंत परीक्षाच देत राहतो, आणि नाव यादीत नसले की आपण त्यालाच नालायक ठरवतो. त्याच्यापुढे आपण दार किती ठेवले, हे मोजत नाही.

यंदा आरतीनंतर घरी गेल्यावर मुलांना एवढेच विचारू या: तुला काय करावेसे वाटते? आणि उत्तर पूर्ण ऐकून घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!