शाळेला कुलूप, पोटाला नाही
(शाखेच्या वार्षिक सभेत सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षमहाराजांनी मला बोनसवर बोलायला सांगितले होते. बोनसचे परिपत्रक नोटीस बोर्डावर आहे, ते वाचून घ्या. मी आज शाळेतल्या खिचडीवर बोलणार आहे. हसू नका.

मार्च २०२० आठवा. प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या थांबल्या नाहीत. धान्याचे रेक आपण चालवले. पोस्टाच्या बंधूंनी दारोदार जाऊन अंगठा घेऊन पैसे पोचवले. आपला पगार चालू होता. पण आपल्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या ठेक्यावरच्या बाईची रोजी गेली, आणि तिच्या पोरांचे दुपारचे जेवणही गेले, कारण शाळेला कुलूप.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला दुपारचे जेवण हा हक्क दिला. जेवण दिले नाही तर भत्ता द्यावा लागतो. १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. २० मार्चला केंद्राने राज्यांना कळवले की शिजवलेले अन्न द्या, नाहीतर धान्य आणि शिजवण्याचा खर्च द्या.

आता हिशेब करू, आपल्याला डी. ए. चा करायची सवय आहेच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य. वीस दिवसांचे झाले २ किलो. शिजवण्याचा खर्च तेव्हा दिवसाला ४ रुपये ९७ पैसे, म्हणजे महिन्याला शंभरही नाहीत. त्यात तूरडाळ किती येते ते आज घरी जाऊन विचारा. आणि ते २ किलो तांदूळ घरात गेले की पाच माणसांच्या पातेल्यात पडतात. दोन-तीन दिवसांत संपले. मुलाच्या वाट्याला काय आले, मुलीच्या वाट्याला काय आले, कोण बघतो?

माझा जन्म १९७२ चा, दुष्काळातला. आई खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळे. ती म्हणायची, सुकडी कामावरच हातात पडायची म्हणून पोरांच्या तोंडात गेली. घरी पोत्याने दिली असती तर आधी पाहुण्यांनी खाल्ली असती. आई शाळेत गेली नव्हती, पण हे तिला कळत होते.

राज्याराज्यांत फरक पडला. केरळने तांदळाबरोबर किराणा घालून पिशव्या दिल्या. आमच्या वस्तीजवळच्या शाळेत मात्र धान्य आले ते कित्येक आठवड्यांनी, आणि ज्यांना निरोप पोचला त्यांनाच मिळाले. मे २०२१ मध्ये केंद्राने ११.८ कोटी मुलांसाठी सुमारे १२०० कोटी जाहीर केले. भागाकार करा, डोई शंभर रुपये, एकदाच.

खिचडी शिजवणाऱ्या बायांचेही ऐका. केंद्राच्या हिशेबाने त्यांना महिना १००० रुपये मानधन, तेही वर्षाचे १० महिने. हा आकडा २००९ सालचा, २०२० मध्येही तोच होता. आपल्यापैकी कुणी अकरा वर्षे एकाच बेसिकवर राहिला असता तर चक्का जाम झाला असता.

कुणी म्हणेल, ती साथ गेली. गेली. पण उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी येते, आणि कायद्यातच सुट्टीचे दिवस वगळलेले आहेत. सुट्टीत देता येत नाही असे मात्र नाही. २००४ साली न्यायालयाने दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्यायला लावले. २०२० च्या उन्हाळ्यातही केंद्राने मंजुरी दिली होती. मनात आले की जमते.

म्हणून माझी सूचना अशी. ठेक्यावरच्या सफाई कामगारांची पहिली ते आठवीतली मुले किती, याची यादी आपण करावी. कॉलनी विभागाने ती पंधरा दिवसांत द्यावी. सुट्टी लागण्यापूर्वी ती घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचे आहे, आणि खिचडीवाल्या बायांनाही बरोबर घ्यायचे आहे. भाड्याचे पैसे शाखा देईल. खजिनदार माझ्याकडे बघत आहेत, पण देईल.