प्रोटॉनची मृत्युनोंद : कोलारच्या खाणीतील एक हिशेब



ग्रामपंचायतीच्या दप्तरात जन्म-मृत्यूची नोंदवही असते. एखाद्या गावाची वस्ती १,४०० आणि तेथील माणसांचे सरासरी आयुर्मान ७० वर्षे असेल, तर त्या वहीत वर्षाकाठी सुमारे २० मृत्यूंची नोंद व्हावी, हे सांगण्यास एका भागाकारापलीकडे काही लागत नाही. उलट, मृत्यूंच्या संख्येवरून आयुर्मानाचाही अंदाज बांधता येतो. त्यासाठी कोणाच्या उशाशी ७० वर्षे बसून राहावे लागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठातील सहकाऱ्यांसह १९८० साली कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत जो प्रयोग मांडला, त्याच्या मुळाशी हाच भागाकार होता. तेथील वस्ती मात्र माणसांची नव्हती, प्रोटॉनांची होती.

प्रत्येक अणूच्या केंद्रात प्रोटॉन असतो. तो अमर आहे, अशीच शास्त्रज्ञांची दीर्घकाळ समजूत होती. ती कितपत खरी, याचा पहिला अंदाज अमेरिकन शास्त्रज्ञ मॉरिस गोल्डहेबर यांनी कोणतेही उपकरण न वापरता केला. एक ग्रॅम पदार्थात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून सुमारे ६ वर २३ शून्ये इतके कण असतात. तेव्हा ६० किलो वजनाच्या माणसाच्या देहात ते ३६ वर २७ शून्ये इतके भरतील. प्रोटॉनचे आयुर्मान १ वर १६ शून्ये इतक्या वर्षांचे धरले, तरी त्या देहात दर सेकंदाला लाखाहून अधिक कण फुटतील आणि त्यांच्या किरणोत्सर्गाने माणूस फार काळ तग धरणार नाही. ज्याअर्थी माणसे सुखरूप आहेत, त्याअर्थी प्रोटॉनचे आयुष्य याहून मोठे असले पाहिजे. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे, म्हणजे १ वर १० शून्यांच्या थोडे पुढे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या घरगुती अनुमानाची झेप कळते.

मग प्रोटॉन मरतो अशी शंका तरी का यावी? तिचे एक मूळ विश्वाच्या उत्पत्तीत आहे. विश्वाच्या तप्त बालपणातून उरलेले प्रारण आजही अवकाशात सर्वत्र पसरलेले आहे. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन यांचा हा शोध प्रसिद्ध झाला. त्या प्रारणाचे प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४११ प्रकाशकण आढळतात. प्रोटॉन मात्र सरासरीने चार घन मीटर जागेत जेमतेम एक. चार घन मीटर म्हणजे ४० लाख घन सेंटिमीटर. तेव्हा एका प्रोटॉनमागे सुमारे १६४ कोटी प्रकाशकण असा हिशेब निघतो. याचा अर्थ असा लावला जातो की, आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ समसमान होते. दोहोंनी एकमेकांना नष्ट केले, त्याचा प्रकाश झाला आणि शंभर-दीडशे कोटींत एखादा कण जास्तीचा म्हणून शिल्लक राहिला. तारे, डोंगर, नद्या आणि माणसे ही सारी त्या शिलकीतली आहेत.

ही शिल्लक कोठून आली? रशियन शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ साली दाखविले की, त्यासाठी इतर अटींबरोबरच प्रोटॉनसारख्या कणांची एकूण संख्या बदलू शकेल अशी एखादी प्रक्रिया निसर्गात असावी लागेल. जी प्रक्रिया खात्यात भर घालू शकते, ती वजाबाकीही करू शकेल. पुढे १९७३-७४च्या सुमारास एकीकडे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी, तर दुसरीकडे जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी मूलभूत बलांच्या एकीकरणाचे जे सिद्धान्त मांडले, त्यांतूनही प्रोटॉन नश्वर असावा असे निघाले. त्याचे आयुर्मान १ वर ३०-३१ शून्ये इतक्या वर्षांच्या आसपास असावे, अशी तेव्हाची अटकळ होती.

कोलारची खाण या कामास नवी नव्हती. टाटा संस्थेचे शास्त्रज्ञ १९५०च्या दशकापासून तेथे विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते आणि वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची जगातील पहिली प्रसिद्ध नोंद त्यांनी ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसमवेत १९६५ साली तेथेच केली होती. दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या रेन्स यांच्या गटाचा निबंध त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी प्रसिद्ध झाला. आता त्याच खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वायू भरलेल्या चौकोनी लोखंडी नळ्यांचे थरावर थर रचण्यात आले. उपकरणाचे एकूण वजन १४० टन होते. नळी हे मोजण्याचे साधन आणि तिचे लोखंड हेच मोजावयाचे द्रव्य, ही त्यातील काटकसर विशेष म्हणावी लागेल.

एवढ्या खोल जाण्याचे कारणही हिशेबातच आहे. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन कण वरून येऊन पडतो. उपकरणाचा तळ ४ मीटर बाय ६ मीटर होता. म्हणजे जमिनीवर त्यातून मिनिटाला सुमारे २ लाख ४० हजार म्यूऑन गेले असते. दोन किलोमीटरहून अधिक खडकाने ही गर्दी अडविली आणि दिवसाकाठी बोटांवर मोजण्याइतकेच कण खाली पोहोचू लागले.

आता मुख्य भागाकार. एक टन द्रव्यात ६ वर २९ शून्ये इतके कण. १४० टनांत ८४ वर ३० शून्ये इतके. आयुर्मान १ वर ३१ शून्ये इतकी वर्षे असेल, तर वर्षाकाठी सुमारे आठ मृत्यू. नोंदवही भरण्यास एवढे पुरे होते. अडचण न्यूट्रिनोंची होती. त्यांना खडक अडवू शकत नाही आणि तेही उपकरणाच्या मध्येच सुरू होऊन मध्येच संपणारी खूण उमटवितात. त्यांच्या घटना वर्षाला दर हजार टनांमागे शंभराच्या आसपास, म्हणजे १४० टनांत चौदाएक. खरे आठ आणि तोतये चौदा, यांतून निवड करावयाची होती. एकूण ऊर्जा आणि कणांच्या वाटांची दिशा एवढाच आधार. लोखंडाच्या जड केंद्रातून बाहेर पडताना त्या वाटाही बिघडू शकतात.

१९८१-८२ मध्ये कोलारच्या गटाने मोजक्याच घटना जाहीर केल्या. निबंधाच्या शीर्षकातच त्यांना ‘संभाव्य’ म्हटले होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्या खऱ्या धरल्या, तर आयुर्मान १ वर ३१ शून्यांच्या घरात येत होते. विश्वातील द्रव्य एक दिवस संपणार, याचा पहिला पुरावा भारतातील एका खाणीत मिळाला असावा, या शक्यतेने जगभर उत्सुकता निर्माण झाली.

तिची परीक्षा मोठ्या वस्तीतच होणार होती. अमेरिकेत ओहायो राज्यातील मिठाच्या खाणीत सुमारे ८,००० टन पाण्याची टाकी उभारण्यात आली. त्यातील आतले ३,३०० टन हिशेबात धरले, तर त्याच आयुर्मानाने वर्षाला सुमारे २०० मृत्यू दिसावयास हवे होते. १९८३ साली पहिले ८० दिवसांचे निष्कर्ष आले. पॉझिट्रॉन आणि पायॉन यांत होणारे जे विघटन प्रामुख्याने अपेक्षित होते, त्याची एकही घटना नव्हती. लोखंडी थरांना आणि पाण्याच्या टाकीला विघटनाचे निरनिराळे प्रकार दिसतात, म्हणून वाद लगेच मिटला नाही. कोलारमध्ये १९८५ साली दुसरे, २६० टनांचे उपकरणही सुरू झाले. तथापि जपानच्या कामिओका खाणीतील टाकीनेही कोलारच्या घटनांना दुजोरा दिला नाही, आणि त्या बहुधा न्यूट्रिनोंच्या होत्या असेच आज मानले जाते.

मात्र ज्यांना तोतये म्हणून वगळावयाचे होते, तेच पुढे या टाक्यांचे धन ठरले. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेतील एका ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. कामिओकाच्या टाकीत ११ आणि ओहायोच्या टाकीत ८ नोंदी झाल्या. १९९८ साली ५०,००० टनांच्या सुपर-कामिओकांडेने वातावरणातील न्यूट्रिनोंची मोजदाद करूनच त्यांना वस्तुमान असल्याचे दाखविले. ज्यांची पहिली प्रसिद्ध नोंद कोलारला झाली, तेच हे न्यूट्रिनो.

प्रोटॉनच्या मृत्यूचा रकाना मात्र कोराच राहिला आहे. पॉझिट्रॉन आणि पायॉन यांत होणाऱ्या विघटनापुरते बोलावयाचे, तर सुपर-कामिओकांडेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार आयुर्मानाची किमान मर्यादा २४ वर ३३ शून्ये इतक्या वर्षांवर गेली आहे. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. जपानमध्ये २ लाख ६० हजार टन पाण्याच्या नव्या टाकीचे काम २०२० साली हाती घेण्यात आले. तिचा हिशेब मांडतानाही टनांना कणांच्या संख्येने गुणावे आणि वर्षांनी भागावे लागते.